मधलं तेवढंच

नेब्रास्कात, वाळूच्या टेकड्यांवर गवत उगवलं आहे तिथे,
बियाण्यांचं एक बंद पडलेलं दुकान आहे.
लाइल व्हॉसबर्ग शिवणयंत्रापाशी बसावं तसा
स्टील गिटारपाशी बसतो, पाय पेडलवर,
आणि म्हणतो, "तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून."

चाळीस वर्षं तो मागूनच आला.
शनिवारच्या नाचांना, गुरांच्या लिलावानंतरच्या दारूला,
दुसऱ्या कुणाच्या रडक्या गाण्याला
काठ शिवून देत राहिला.
नाव गायकाचं.

आता गायक नाही.
मेरन टटल आहे, दोन टेप मशिन घेऊन
डुलुथहून रात्रभर गाडी चालवत आलेली,
आणि तिचा मावसभाऊ एम्मेट,
चर्चनं टाकून दिलेल्या पायपेटीवर
एकच सूर धरून बसलेला. अर्धा तास.
तंबोऱ्यालाही जांभई यावी.

"यात गाणं कुठाय?" लाइल विचारतो.
"दोन ओळींच्या मध्ये तुम्ही जे वाजवायचात ना,"
मेरन म्हणते, "तेवढंच हवंय.
ओळी नकोत."

तो बराच वेळ काही बोलत नाही.
पोलादी कांडी शर्टाच्या टोकाला पुसतो.
मग तारांवर ठेवतो. दाबत नाही, नुसती टेकवतो,
ताप बघायला कपाळावर हात ठेवावा तशी.
आणि सूर निघतो
थेट घरी न जाणारा,
फाटकापाशी रेंगाळणारा,
चढता चढता मध्येच थांबून
आपण कशाला निघालो होतो ते विसरलेला.

बाहेर गुरांचा ट्रक गियर बदलतो.
कोपऱ्यातला जुना फ्रिज घुरघुरायला लागतो.
मेरन प्लग काढायला उठते
तर लाइल मानेनंच नको म्हणतो,
कांडी केसभर खाली सरकवतो,
आणि फ्रिजच्या सुराला जाऊन मिळतो.

रेकॉर्डच्या पाठीवर तिघांची नावं आली.
खाली, बारीक अक्षरात : फ्रिज, दुकानाचा.

लाइलच्या बायकोनं, व्हर्नानं, भांडी पुसत
पहिली बाजू पूर्ण ऐकली.
"छान आहे," म्हणाली, "पण सुरू कधी होतं?"

लाइल खिडकीशी होता.
वारा केव्हाच पडला होता,
गवत मात्र एका अंगावर कललेलं,
अजून उठलं नव्हतं.