सात दिवसांची सही

दर रविवारी, चहाच्या जरा आधी,
क्लिफर्ड ओल्डरॉइड माझ्या दारात उभे,
टोपी काखेत, फोन पुढे केलेला,
रेशनकार्डावर शिक्का मागावा तसा.
"मेलं बघ पुन्हा."

मेलं म्हणजे अ‍ॅप.
मीच लिहिलेलं, मागच्या हिवाळ्यात,
बार्न्सलीच्या या उतारावरच्या घरात,
बाहेर चारलाच अंधार.
काम एवढंच: शर्यतीचं कबुतर कुठून सुटलं,
केव्हा पोचलं, मिनिटाला किती यार्ड.
क्लबात माणसं अकरा. त्यातली दोन एकमेकांशी बोलत नाहीत.

दुकानात ठेवायला गेले तर उत्तर आलं,
फारच थोड्यांच्या उपयोगाचं आहे.
मी बार्न्सलीत मराठी बोलते.
मला त्यात काय नवीन.

ज्यांचे फोन दुसऱ्या जातीचे, त्यांचं सोपं.
फाइल पाठवली की फोन एकदा दटावतो:
अनोळखी जागचं आहे, बघा बुवा, मग सांगू नका.
डोरीन हेग्सनं वाचलंही नाही,
अंगठा ठेवला, झालं.
(हल्ली तोही चार प्रश्न जास्त विचारतो.
वाण नाही पण गुण लागला.)

क्लिफर्डचा फोन दटावत नाही.
गोड बोलतो आणि देत नाही.
फुकटातली सही सात दिवस टिकते;
आठव्या दिवशी चिन्ह असतं जागेवर,
दाबलं की डोळा उघडून मिटल्यासारखं.

मग केबल, लॅपटॉप, पासवर्ड,
आणि शेवटी पडद्यावरचा तो प्रश्न:
या व्यक्तीवर तुमचा विश्वास आहे का?
क्लिफर्ड माझ्याकडे बघतात. दर वेळी बघतात.
"आहे," म्हणतात,
चर्चमध्ये पाद्र्यासमोर म्हणावं तितक्या गंभीरपणे.

दुसरा घ्या म्हटलं एकदा.
"याचे पुरते पैसे मोजलेत," ते म्हणाले,
आणि माझ्या तोंडून गेलंच:
आपलीच मोरी नि मुतायची चोरी.
काय म्हणालीस?
इंग्रजीत सांगताना कान तापले माझे.
ते इतके हसले की बशीत चहा.
मंगळवारी सगळा क्लब ती म्हण म्हणत होता,
मोरीचं मॉरी करून,
कुणाच्या तरी काकाचं नाव असावं तसं.

मे महिन्यात त्यांनी ढाबळ दाखवली.
फळीच्या तोंडाशी तारांची झालर,
आत ढकललं की हलते,
बाहेर ढकललं की नाही.
पाखरू आपण होऊन येतं, आपण होऊन अडकतं.
मी हातातल्या फोनकडे पाहिलं,
आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं.
"वर ससाणा आहे, पोरी.
एप्रिलात दोन नेली. दार नको कसं म्हणू?"
मला उत्तर सुचेना.
माझ्या बँकेचे पैसे त्याच दारामागे झोपतात.
ते गुडघा धरून शिडीवर चढले,
खिळ्यावरची किल्ली काढली,
झालर वर उचलली.
आभाळात एकदम फडफड.
"पण खिळा माझ्या भिंतीत आहे," एवढंच म्हणाले,
आणि शेण खरवडायला लागले.

जूनमधली फ्रान्सची शर्यत धुक्यानं एक दिवस लांबली.
शनिवारची रविवारी गेली.
सही शनिवारी रात्री संपली होती.
चार सतराला निळी मादी फळीवर उतरली,
क्लिफर्डनी अ‍ॅप दाबलं, डोळा उघडून मिटला,
मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढून
लाकडावरच लिहिलं: ४.१७.
क्लबानं ते धरलं नाही.
न बोलणारी दोघं मात्र त्यावरून पुन्हा बोलायला लागली,
म्हणजे भांडायला.

संध्याकाळी ते आले. टोपी काखेत.
मी केबल लावली.
विश्वास आहे का, पडद्यानं विचारलं.
या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.
खिडकीतून समोरच्या छपराकडे बघत होते,
एक पांढरी अजून यायची होती.
"दाब तूच," म्हणाले.