सेटल्ड

सहाशे एकोणीस.
आडिवरेकर मॅडमनी आकडा चिठ्ठीवर लिहिला
आणि चिठ्ठी माझ्याकडे सरकवली,
डॉक्टर सरकवतात तशी, मोठ्याने न वाचता.
कितीपैकी, मी विचारलं.
नऊशेपैकी.
म्हणजे पास! त्या हसल्या नाहीत.
तीनशे सगळ्यांनाच असतात, म्हणाल्या,
शून्य कुणालाच नाही.

मला टेम्पो हवाय, बर्फाच्या पेटीचा.
हर्णैची सुरमई डोळा पांढरा पडायच्या आत
खेडच्या बाजारात पोचावी, एवढंच.

मी कुणाचं काय बुडवलं?
त्यांनी स्क्रीन वळवला.
वादळाच्या सालातलं जाळ्याचं कर्ज.
जाळं दर्याने नेलं, होडीची नुसती नाळ उरली,
तेव्हा यांच्याच माणसाचा फोन आला होता:
ताई, चाळीस हजार भरा, वरचे अकरा सोडतो,
मिटवून टाकू.
पाटल्या मोडल्या. भरले. सही केली.
घरी येऊन नारळ फोडला, आळीत खोबरं वाटलं.
मिटलं एकदाचं.

त्या ओळीपुढे आता एकच शब्द उभा आहे:
सेटल्ड.

आमच्यात हा चांगला शब्द.
नणंदेचा रोहिदास विरारला सेटल झाला
तर तिने महिनाभर तो शब्द
नव्या लुगड्यासारखा मिरवला.
इथे त्याचा अर्थ वेगळा, मॅडम म्हणाल्या.
इथे त्याचा अर्थ: पुरतं फेडलं नाही.
फेडलं असतंत तर क्लोज्ड आलं असतं.

आणि गेल्या महिन्यात तुम्ही तीन बँकांत अर्ज टाकलेत.
दर अर्जाला आकडा थोडा उतरला.

हे मात्र मला शिकवावं लागलं नाही.
तीन दारांत पीठ मागितलं
की चौथ्या दाराला आधीच कडी असते.

संध्याकाळी लिलावाला उभी राहिले.
गुडघाभर पाण्यातून पाट्या येत होत्या,
इब्राहिम मिरकर घसा ताणून बोली चढवत होता.
मी बोट वर केलं, दोन पाट्या पापलेट माझी.
पैसे शनिवारी.
कागद नाही, अंगठा नाही.
बावीस वर्षांत माझा एक शनिवार चुकलेला नाही,
हे कुठल्या मशीनमध्ये लिहिलंय?
वाटलं, परत जावं, काच वाजवावी,
मिरकरला साक्षीला न्यावं, ओल्या लुंगीसकट.

तेवढ्यात कडेला काशी दिसली.
रिकामी पाटी कमरेला लावून
बोली संपायची वाट बघत,
उरल्यासुरल्या मांदेलीसाठी. रोखीने.
तिच्या सासऱ्याने बर्फवाल्याचे पैसे बुडवले
तेव्हा ती या गावात लग्न होऊन आलीही नव्हती.

मशीन म्हणे सात वर्षांनी विसरतं.
बंदर विसरत नाही.
मीही तिला कधी उधार दिलेलं नाही.
का, ते आठवायचा प्रयत्न केला.
सगळे देत नाहीत म्हणून.

अकरा हजार तीनशे, अधिक व्याज.
भरले तर शब्द बदलून मिळेल.
पत्र घ्यायचं, जपायचं,
दोन महिन्यांनी पुन्हा बघायचं बदलला का.
आकडा चढेल, पण भरतीसारखा नाही,
भिंतीवर ओल चढते तसा.
तोवर टेम्पो घेतलाच तर दीड टक्का महाग.
पाच वर्षांत दीड टक्क्याची किती पापलेटं होतात,
वाळूवर काडीने मांडलं,
लाटेने अर्धं गुणाकारातच नेलं.

दीपगृहाचा दिवा फिरायला लागला.
मी काशीला हाक मारली.
यातली एक पाटी ने.
पैसे? 
शनिवारी.

तिने पाटीकडे पाहिलंच नाही.
माझ्या तोंडाकडे बघत राहिली,
सकाळी मी त्या स्क्रीनकडे बघत होते तशी,
आणि हळूच विचारलं,
किती टक्क्याने?