अर्थिंग

पहिल्यांदा आला तेव्हा ॲम्प्लिफायर सायकलच्या कॅरिअरवर,
फाटक्या ट्यूबने आवळलेला,
खडकीपासून बुधवार पेठेपर्यंत.
म्हणाला, आमचा बँड आहे.
मी म्हटलं, मग या लगीनसराईत कुठं वाजवताय?
आमच्या गल्लीत बँड म्हणजे जरीचे डगले, क्लॅरिनेट
आणि तारीख धरायला आगाऊ पाचशे.
तो हसला नाही.

सुगत रणपिसे, वय एकोणीस.
वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, म्हणजे
मोठ्या आवाजाला घरात कुणी दचकत नसणार.
खोक्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगात: तिसरी शिफ्ट.
फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी.
मी चांदी काढली, फ्यूज घातला, वहीत लिहिलं:
चाळीस रुपये. उधार.

दोन वर्षांनी रिक्षातून.
तिसऱ्या शिफ्टवर काळा हात मारलेला, त्यावर लाल अक्षरं: नळ स्टॉप.
ही कर्वे रोडकडची पोरं,
गिटारी परदेशातल्या, रडणं इंग्रजीत.
'तुमचा तो ड्रमवाला?'
'टेल्कोत लागला.'
स्पीकरचा कोन फाटला होता.
कोन वाजवून असा फाटत नाही.
कुणीतरी लाथ घातली होती.
मी विचारलं नाही.

तिसऱ्या वेळी टेम्पो, उचलायला दोन पोरं
आणि एक मॅनेजर, माझ्या स्टुलावर
रुमाल अंथरून बसणारा.
नाव आता छापील स्टिकरवर. ते माझ्या लक्षात राहिलं नाही.
शिलाँग, बंगळूर, मस्कत, सुगत सांगत होता,
आणि मी बोललो की मान वळवून
डावा कान पुढे करत होता.
उजव्याचंही मी विचारलं नाही.
ट्रान्सफॉर्मर जळालेला. आठ दिवस लागतील, म्हटलं.
मॅनेजर म्हणाला, नवाच घेऊ हो काका, हे खोकं कशाला.
सुगत दाराकडे बघत राहिला.

खोकं माझ्याकडे राहिलं,
सहा वर्षं.
त्यावर मी चहाचा ग्लास ठेवायचो. वर्तुळं उमटली.
बायको म्हणायची, रविवारी जुन्या बाजारात देऊन टाका.
ट्रान्सफॉर्मर मी बांधून ठेवला होता.
कुणी सांगितलं नव्हतं.

मधे कानावर यायचं.
ते मोडलं. मग दुसऱ्या कुणाच्या मागे उभा राहून वाजवतो.
मग एका सिरियलच्या सुरुवातीला चार सेकंद
जी किंकाळी आहे, ती त्याची म्हणे.
मग नुसतीच शिकवणी, धानोरीत,
आठ-नऊ वर्षांच्या पोरांना.

परवा आला. पीएमटीने.
केस बारीक, चष्मा.
एकटाच वाजवणार आहे म्हणाला, एरंडवण्यात,
पत्र्याची शेड, साठ खुर्च्या.
गाणी त्याचीच. खडकीच्या मराठीत.
'ते खोकं अजून—'
मी ग्लास उचलला.

बटण दाबलं. धूळ जळाल्याचा वास,
आणि मग ती घुं.
म्हटलं, अर्थिंग करून देतो, पाच मिनिटांचं काम,
घुं जाईल.
त्याने डावा कान जाळीला टेकवला.
समोर बँडवाल्यांचा पोऱ्या
चिंचेने ट्रम्पेट घासत होता, ते मी बघत बसलो.
'राहू द्या,' म्हणाला.
'अहो, ओठ माइकला लागला की झटका बसेल.'
'माहितीये. पण दोन गाण्यांच्या मधे
आता स्टेजवर कुणी बोलणारं नसतं.'

पाठीचा काळा रंग एका कोपऱ्यात सोलला होता.
खालून शिफ्टमधला अर्धा फ.
वर काही लिहायचंय का, विचारलं.
त्याने पन्नासची नोट काढली.
'चाळीस राहिले होते ना?'
ती वही वाळवीने कधीच खाल्ली.
ट्रान्सफॉर्मरचं त्याने विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.
दहा रुपये परत दिले.