पाण्याचे दिवस वगळून

अक्षिताला डेंग्यू झाला
आणि तिचा नंबर माझ्याकडे आला.
चौदाशे बासष्ट. खाली तिचं नाव, छापील.
"पैसे भरलेत मावशी, वाया जातील," म्हणाली सलाईनखालून,
"तुम्ही पळा."
जणू उरलेली भाजी.

दहा किलोमीटर. नऊ दिवस.
त्यातले दोन पाण्याचे.
नळ पाचव्या दिवशी येतो, किती वाजता ते नळालाच ठाऊक,
त्या दिवशी घरकुलातली कुठलीच बाई गल्ली सोडत नाही.
राहिले सात.

मी बसणारी बाई.
सव्वीस वर्षं मांडीवर सूप,
सुपात पान, पानात तंबाखू,
रोजच्या हजार विड्या.
बोटं माझी कुठल्या कुठं गेली असतील,
पाय मात्र मांडी घालून घरातच.

साडीखाली पोराची ट्रॅकपँट घालून
पहाटे हैदराबाद रोडला लागले.
उसाचा ट्रॅक्टर मागून आला, गाणं लावून,
मला मागं टाकून गेला.
जाऊ दे.
बंद पानटपरीपर्यंत पोचले
आणि खोकला आला,
सव्वीस वर्षांचा, एकदम.

परत येताना राजव्वाक्का दारात, तोंडात मिश्री:
"कुठं पळायलीस गं? कोण गेलं?"
खरंच आहे. आमच्याकडं बाई पळते
ती पोर पडल्यावर, नाहीतर नळ आल्यावर.
"उगंच," म्हटलं.
हा शब्द मी किती वर्षांनी वापरला.

दुसऱ्या दिवशी कुत्र्यांनी जे शिकवलं
ते अक्षिताच्या मोबाइलमधल्या कोचला जमलं नसतं.
तिसरा दिवस पाण्याचा. चौदा हंडे, गल्लीच्या टोकापासून.
फोनवर ती म्हणाली, हापण व्यायामच धरा.
धरला.

किलोमीटर मला कळत नाही. कट्टा कळतो.
पंचवीस पावलांचा एक कट्टा,
चाळीस कट्टे झाले की हजार,
मग दम, मग पुन्हा पहिल्यापासून.
हिशेब केला: बारा-तेरा हजार पावलं.
म्हणजे बारा-तेरा दिवसांचं काम एका सकाळी,
आणि मजुरी एक केळं.
मागं चेकर उभा असल्यासारखं वाटायचं,
हे पाऊल छाट, ते पाऊल छाट.
मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर त्याला सांगितलं,
तू जा बाबा, आज माल द्यायचा नाही.

नवरा काही बोलला नाही.
एका पहाटे फक्त चहा करून ठेवला होता,
साखर विसरून.
पिऊन टाकला.

आठव्या दिवशी पुन्हा पाणी.
त्यात हजार राहिलेले, रात्री अकरापर्यंत वळत बसले,
गुडघे सुजून पोळीसारखे.
पळाले नाही. खोटं कशाला सांगू.

आता उद्या.
बूट तिचेच, एक नंबर मोठे,
पुढं जुन्या चादरीच्या दशा कोंबल्यात.
नाडी सुटते सारखी,
म्हणून वरून विडीचा दोरा बांधला, दोन वेढे.
हा सुटत नाही. एवढं एक मला येतं.

रस्त्याच्या कडेला लोक ओरडतात म्हणे
छातीवरचं नाव वाचून: "चल अक्षिता, चल!"
कोण ही अक्षिता, म्हणून
मागं वळून बघायचं नाही,
हे घोकत पडलेय.

उद्या पाणी नाही.
दोनदा विचारून घेतलं.