उतार आणि उतारा

होडीला उतार हवा, गाडीला उतारा.
एवढंच विचारत फिरलो दोन दिवस
यवतेश्वरच्या घाटापासून पार बामणोलीपर्यंत.
मागे टिटवी. चौदा फुटी, फायबरची,
मिरजेच्या अन्वर मुल्लानं जोडलेल्या ट्रेलरवर
ताडपत्रीखाली दबा धरून.

धक्क्यावरचा पोरगा म्हणाला, इथं नाही, ही क्लबची जागा.
पलीकडचा म्हणाला, सोडा की,
चाकं गाळात गेली तर मला हाक मारू नका.
एका रिसॉर्टवाल्यानं हौसेनं रॅम्प दाखवला,
नवाकोरा, काँक्रीटचा. तो जिथं संपला
तिथून पाणी वीस पावलं खाली.

पाटबंधारे खात्यात तीस वर्षं मी लेव्हल लावली.
एकास आठचा ढाळ मला चालताना टाचेत कळतो.
पण कुठल्या महिन्यात पाणी कुठं बसतं
हे टाचेला कुणी शिकवलं नव्हतं.

ते धाकलू उतेकरला ठाऊक.
म्हैस पाण्यातून वर काढता काढता म्हणाला,
संक्रांतीला त्या जांभळापाशी,
शिमग्याला खडकाच्या कंबरेला,
आखितीला पार तिकडं, दिसतंय का, तिकडं.
"आज चैती पुनव. आज रस्त्यानं जावा."
कुठल्या रस्त्यानं?
त्यानं काठी पाण्याकडं केली.

करवंदीच्या जाळीतून निघून
दगडी सोलिंगचा एक रस्ता
सरळ तळ्यात चालला होता,
कुणी बाजाराला निघावं तसा, मागं न बघता.
"बापाची गाडी ह्याच्यावरनं जायची.
खाली मैलाचा दगड हाय अजून. त्याला घासू नका."

मग रिव्हर्स.
डावं, डावं. तुमचं न्हवं, माझं डावं!
तीनदा ट्रेलर आडवा झाला, म्हैस थांबून बघत राहिली.
चौथ्यांदा चाकं बुडाली, रोलर बुडाले,
आणि टिटवी एकदम हलकी झाली,
दोरीला हाताची गरजच उरली नाही.
साठ वर्षं पाण्याखाली, आणि सोलिंगचा एक दगड ढिला नाही.
मी मनात मोजलं: एकास नऊ.
ज्यानं लावला, त्यानं बैलांच्या धापेवर लावला असणार.

गाडी?
"लावा की खळ्यात."
पैसे?
त्यानं ट्रेलरचा हुक वाकून बघितला.
"ह्याला वासरू बांधलं तर चालंल?"

खात्याची खोड जात नाही. विचारलं,
जागा कुणाच्या नावावर?
"खळ्याचा उतारा माझ्या नावावर.
खालच्या रानाचा बी हाय, जुना, पेटीत.
वाचायचा तर चष्मा लागतो,
बघायचं तर होडी."

चार दिवसांनी परत आलो
तेव्हा पाणी हातभर उतरलं होतं,
मैलाच्या दगडाचं डोकं बाहेर,
वर एक पाणकावळा पंख वाळवत.
आकडा धुपून गेलेला.
किती मैल, कुठून, कुठवर, काही कळेना.
टिटवी त्याच्या शेजारून वर घेतली. घासली नाही.

खळ्यात वासरानं नंबरप्लेट चाटून
अर्धा नंबर लख्ख केला होता.
ट्रेलरखाली, सुट्या चाकाच्या पोटात,
पेंढ्यावर पाच अंडी.
मी ती ओंजळीत घेऊन धाकलूकडं गेलो.
"तुमचीच की," तो म्हणाला.
"कोंबडी माझी, पर जागा तुमची."