स्रोत: तोंडी

हेदवीच्या या खोलीत पंखा फिरतो तो विजेच्या मनावर.
लॅपटॉपची बॅटरी मात्र पुरते
दहा हजार वेळा प्रकल्प बांधायला,
दहा हजार वेळा बुडवून बघायला.
सव्वा मिनिट लागतं.

खाडीपलीकडे अजून काहीच नाही.
चार खुंट्या, एक लाल फडकं,
आणि गॅसची टाकी येणार तिथे
कुणीतरी जाळं वाळत घातलंय.
माझ्या शीटमध्ये जहाजं लागतात,
उणे एकशेबासष्ट अंशांचा गॅस उतरतो,
पंचवीस वर्षांचा नफा
आजच्या रुपयांत येऊन बसतो.

भाव, डॉलर, व्याज, बांधकामाची दिरंगाई,
ज्याला त्याला त्याचा वक्र दिला.
अडले एका खान्यात:
जहाज धक्क्याला लागूच शकणार नाही
असे वर्षातले दिवस.

म्हणून काल फेरीबोटीनं जयगडला,
बशीर तांडेल होडेकरांकडे.
इंजिन उघडं टाकून बसले होते, कोपरापर्यंत ग्रीस.
कमीत कमी? म्हणाले, सत्तर.
जास्तीत जास्त? सव्वाशे धर.
आणि नेहमीच्या साली?
"नेहमीचं साल मी एकदाच बघितलंय, बाय.
लिही, नव्वद."
त्रिकोण मिळाला.
चहा खारट लागला, तिथलं पाणीच तसं.

निघाले तर मागून म्हणाले,
"पण वारा एकटा येत नाय.
दर्या खवळला की बर्फाचा कारखाना बंद,
घाटात दरड, डिझेल नाय,
व्यापारी फोन उचलत नाय.
तू हे वेगवेगळं मोजतेस काय?"

मोजत होते.
प्रत्येक संकट आपापल्या खोलीत, आतून कडी लावून,
शेजारी कोण राहतं ते न विचारता.

रात्री मधल्या भिंती काढल्या.
शून्य होतं तिथे शून्य पूर्णांक सहा.
सव्वा मिनिट.
उंचवटा होता तिथेच राहिला,
पण डावीकडे शेपूट लांबत गेलं,
लाल, बारीक,
पडद्याच्या काठापर्यंत.
शंभरात सात बुडत होते,
तेवीस झाले.

देवस्थळींचा फोन. "मधला आकडा हलला का?"
नाही सर, तोच आहे.
"मग झालं की. स्लाइडवर तो मोठा घे."

आज अमावास्या. भरतीच्या वेळी बामणघळीवर गेले,
लाटा मोजल्या, सवयच ती.
एकेचाळीस नुसत्या फेसाच्या.
बेचाळिसावी कातळाच्या फटीतून
माडाएवढी उठली.
फोटो काढणारा पोरगा भिजून हसला,
तो नुकताच आला होता.

अहवालात तेवीस ठेवलेत मी,
तळटिपेत नाही, मजकुरात, पान एकतीस.
स्रोतांत उपग्रहाच्या नोंदी, हवामान खातं,
आणि शेवटी: होडेकर बशीर, जयगड, तोंडी.

त्यांचं इंजिन सुरू झालं का,
विचारायचं राहूनच गेलं.