बाकी

जूनमध्येच फळ्यावर लिहून दिलं होतं मी,
नववी ‘ब’च्या उजव्या कोपऱ्यात, चौकट आखून:
गृहपाठ सोमवारी, पहिल्या तासाआधी.
उशीर झाला की दोन गुण वजा.
गैरहजर राहिलात तर जितके दिवस बुडवले
तितकेच दिवस मिळतील भरून काढायला,
एकही जास्त नाही.
खाली पालकांची सही. सहीच्या वर कारण.

कारणांची मला सवय आहे.
रायबंदरच्या या शाळेत बावीस वर्षं झाली,
चिठ्ठी उघडण्याआधीच मला वास येतो:
फेरी चुकली.
फेरी बंद होती.
फेरीवर वही भिजली.
चोडणची मुलं गणितं फेरीतच सोडवतात,
कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर वही टेकवून,
आणि त्यांना वाटतं टीचरला कळत नाही.
मीही चोडणचीच.
अक्षर धक्क्यावरून सरळ निघतं,
मांडवीच्या मधोमध इंजिनासारखं थरथरू लागतं,
आणि पलीकडे फळी आपटली
की शेवटच्या बेरजेतला हातचा पाण्यात पडतो.

आन्सेल्म फुर्ताद सहा दिवस आला नाही.
सातव्या दिवशी आला तो नव्या बुटांत,
बूट एक नंबर मोठे, चालताना टाच सुटणारे.
चिठ्ठीत कारण: डॅडी आयलो.
एरवी त्याच्या वहीत आईची सही असते,
बारीक, कोपऱ्यात, जागा अडवल्यासारखी.
या वेळची सही तीन ओळी खाऊन बसली होती.

मी म्हटलं, वडील घरी आले हे कारण नव्हे.
सगळ्यांचेच वडील येतात घरी संध्याकाळी.
वर्ग हसला नाही.
तिथंच थांबायला हवं होतं मी, पण खडू हातात होता,
चौकटीवर दोनदा टकटक केलं.
आन्सेल्म म्हणाला,
“बोट मुरगावाक लागली, टीचर. स दीस.”
आणि बसला.

सहा दिवस, सहा सरावसंच, गुणोत्तर आणि प्रमाण.
सहाव्या सकाळी वही टेबलावर होती,
पहिल्या तासाआधी.
अक्षर कुठंच थरथरलेलं नाही.
रात्री घरी बसून, पट्टीनं समास आखून केलेलं काम.
वजा करायला मला काही सापडेना.
मग शेवटचं पान, जे मी दिलंच नव्हतं:

डॅडी गैरहजर = ४२६ दिवस
भरून काढले = ६ दिवस
४२६ : ६
= ७१ : १
टीचरच्या नियमाप्रमाणे बाकी = ४२० दिवस

बाजूला पडताळा. गुणाकार बरोबर.
खाली दोन रेघा, मीच शिकवलेल्या,
उत्तर संपलं हे दाखवायला.

लाल पेन उघडलं.
सवयीनं ‘एकक?’ असं लिहायला गेले
आणि आठवलं, गुणोत्तराला एकक नसतं.
दिवस दिवसाला छेदतो, उरतो नुसता आकडा.
हेही मीच शिकवलं होतं,
ऑगस्टमध्ये, भांडीकुंडी मोजावीत तशा आवाजात.

वही चार दिवस माझ्या पिशवीत राहिली.
डब्याशेजारी, छत्रीखाली.
घरी उघडवेना, स्टाफरूममध्ये तर नाहीच.
पाचव्या सकाळी, उशीर झालेला,
एक मासेवाली, दोन मोटरसायकली आणि मी,
त्या पानावर बरोबरची खूण केली,
खाली सही, तारीख,
आणि फळी आपटायच्या आत वही मिटली.

वर्गात परत दिली तेव्हा त्यानं पान उघडलं.
आकड्यांकडे नाही, खुणेकडे बघत राहिला,
तिच्या लांब, वाकड्या शेपटीकडे.
मग चौकटीकडे एकदा. मग माझ्याकडे.
हळूच, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही असं म्हणाला,
“टीचर, हें फेरींत तपासलां, न्हय?”